खाडी, एसटी आणि रात्रीचं स्टेशन: अकरा महिने एकटीने प्रवास केल्यावर

सोमवारी पहाटे खाडी ओलांडून कामाच्या गावी, शनिवारी संध्याकाळी परत घरी, आणि महिन्यातून एकदा नानांना घेऊन रेल्वेने परळच्या दवाखान्यात. गेल्या जूनपासून माझं हे असं चाललंय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. घरी गाडी नाही, त्यामुळे जंगल जेटी (खाडीतली फेरीबोट), एसटी आणि रेल्वे या तिघांवरच सगळी भिस्त. निघताना आई दर वेळी एकच सांगते, "बाय, पोचलीस की फोन कर गो." ती फोनजवळ बसून राहते हे मला माहीत आहे. म्हणून पहिल्या महिन्यापासून मी एका वहीत लिहून ठेवत गेले: कुठे उजेड होता, कुठे माणूस होता, कुठला नंबर लागला, किती वेळ ताटकळले. हे सगळं त्या वहीतलं आहे.

वही चाळताना एक गोष्ट लगेच दिसते. "भीती वाटली" असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे बहुतेक वेळा मी गाडीत नव्हतेच. गाडीची वाट बघत होते, नाहीतर उतरून चालत होते. चालत्या एसटीत कंडक्टर असतो, चाळीस माणसं असतात, दिवे असतात. धोका थांब्यावर असतो, धक्क्यावर असतो, फलाटाच्या टोकाला असतो. सुरक्षेच्या नावाखाली जे काही बसवलं जातं ते मात्र गाडीच्या आत.

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्यात स्वारगेट स्थानकात जे झालं, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. ती मुलगी गावी जायला निघाली होती. "तुझी बस तिकडे लागलीय" असं सांगून तिला अंधारात उभ्या असलेल्या बसकडे नेलं, आणि तिथे तिच्यावर बलात्कार झाला. प्रवास सुरूही झाला नव्हता. त्यानंतर मी स्वतःला दोन नियम घातले आणि ते अकरा महिन्यांत एकदाही मोडले नाहीत. बस कुठे लागलीय हे फक्त चौकशीच्या खिडकीवर किंवा गणवेशातल्या वाहक-चालकाला विचारायचं. आणि ज्या बसमध्ये दिवा नाही, वाहक नाही, त्या बसच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, मग बाहेर कितीही पाऊस असो.

आता जंगल जेटी. बाहेरच्यांसाठी सांगते, गाड्या आणि माणसं एकत्र नेणाऱ्या सपाट फेरीबोटीला आमच्याकडे जंगल जेटी म्हणतात. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा अशा खाड्यांवर त्या चालतात. माझी कुठली ते लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे आणि मला कुणा एकाला उघडं पाडायचं नाही, ही सवय सगळीकडचीच आहे. वेळेच्या बाबतीत ही सेवा सोन्यासारखी आहे. रस्त्याने वळसा घालून जो वेळ जातो, तो पाव तासावर येतो. पहाटेच्या फेरीला धक्क्यावर मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या मावश्या असतात, त्यांच्यामुळे तिथे एकटं कधीच वाटत नाही. धक्क्यावरची सुरक्षा कोण सांभाळतं असं विचाराल तर मी त्यांचंच नाव घेईन.

पाण्यावरची गोष्ट वेगळी. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या समुद्रात घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेला प्रत्येक प्रवाशाने जाकीट घालायची सक्ती झाली. आमच्या खाडीवर जून महिन्यात मी पाहिलं तेव्हा जाकिटं होती, पण वरच्या मजल्यावर एका पेटीत, आणि पेटीला कुलूप. किल्ली कुणाकडे विचारलं तर तांडेलाकडे. तांडेल सुकाणूवर. बोट बुडायला लागली तर त्याने सुकाणू सोडून किल्ली शोधायची का? मी तिकीट देणाऱ्या मुलाला हे शांतपणे विचारलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारलं. चौथ्या आठवड्यात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. गणपतीच्या आधी कुलूप निघालं. आता पेटीला नुसती कडी आहे.

पण जाकीट हाताशी असणं आणि अंगाला नीट बसणं यात फरक आहे. श्रावणात एका सोमवारी वारा बराच होता, बोट हलत होती, म्हणून जाकिटं वाटली. माझ्या शेजारी एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. त्याला मोठ्या माणसाचं जाकीट घातलं होतं, पुढचा बंद नुसता गाठ मारून. मी त्या जाकिटाला खांद्याशी धरून वर उचललं, तर ते सरळ त्याच्या कानांवरून वर निघालं. पाण्यात नेमकं हेच होतं: जाकीट वर तरंगतं आणि पोर खालून निसटतं. आम्ही दोघींनी मिळून तिच्या ओढणीने ते त्याच्या मांड्यांमधून घट्ट बांधलं. तो रडला, पण जाकीट हललं नाही. तेव्हापासून मी स्वतःचंही जाकीट घातलं की शेजारणीला सांगते, खांद्याला धरून वर ओढून बघ. हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे. लहान मापाची जाकिटं अजूनही पुरेशी नाहीत, आणि माझ्या मते हीच सध्याची सगळ्यात मोठी उणीव आहे.

आणखी एक, मोटारीने येणाऱ्यांसाठी. बोटीत गाडी चढवली की हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि कृपा करून खाली उतरा. पर्यटक काचा वर करून, एसी लावून आत बसून राहतात. गाड्या इतक्या चिकटून लावलेल्या असतात की दार उघडायला वीतभर फट नसते. काही झालं तर आतल्या माणसाला बाहेर यायला वाटच नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी हे सांगितलं तेव्हा एका गृहस्थांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण त्यांच्या आई उतरल्या आणि माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. जंगल जेटीला पाचपैकी साडेतीन.

रेल्वे. माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं रेल्वेची आहेत आणि बरीचशी चांगली आहेत. १३९ हा नंबर खरंच चालतो. तो लागला की १ दाबायचं, सुरक्षा आणि वैद्यकीय मदतीसाठी थेट माणूस बोलतो. पूर्वी सुरक्षेसाठी १८२ होता, तो आता यातच मिळवलाय, त्यामुळे जुन्या डब्यात कुठे १८२ लिहिलेलं दिसलं तरी १३९ च लावा. गणपती करून परतीच्या गर्दीत मी महिलांच्या डब्यात होते. एका स्टेशनवर सात-आठ पुरुष सामानासकट आत घुसले. "ताई, पुढच्या स्टेशनला उतरतो" म्हणाले आणि पुढचं स्टेशन गेलं तरी दारातच. दोन मुली शौचालयाकडे जाऊ शकत नव्हत्या, कारण वाट त्यांच्यातून होती. मी १३९ लावला. डबा इंजिनापासून कितवा, गाडी नुकतीच कुठून सुटली आणि डब्यात किती बायका आहेत, हे फोनवर तिघांनी तीन तऱ्हांनी विचारलं, म्हणून हे आधीच मनात तयार ठेवा. मदत यायला चाळीस मिनिटं लागली, कारण मधे गाडी थांबतच नव्हती. पण मोठ्या स्टेशनवर आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे, दोन जवान फलाटावर डब्यासमोरच उभे होते, त्यातली एक बाई. पाच मिनिटांत दार मोकळं झालं. महिलांच्या डब्यात शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली गुन्हा आहे, ते तिने खणखणीत आवाजात सगळ्यांना ऐकवलं. ती चाळीस मिनिटं लांब होती हे खरं. तरी मदत येणार हे कळल्यावर आम्ही बायका एकमेकींशी बोलायला लागलो, आणि आम्ही बोलायला लागलो तेव्हाच दारातल्यांचा आवाज खाली आला.

तक्रार द्यायची वेळ आली तर हेही लक्षात ठेवा: गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे तुम्हाला सिद्ध करायचं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात कुठल्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवता येतो. गाडी तर दर तासाला हद्द बदलते, त्यामुळे प्रवाशासाठी हे फार मोलाचं आहे.

पावसाळी वेळापत्रकाबद्दल लोक कुरकुर करतात, मीही करायचे. नानांना बसून बसून पाठ धरते. पण २२ जून २००३ ची वैभववाडीची रात्र आमच्या पिढीनेही घरात ऐकलेली आहे. दरड रुळावर आली, गाडी घसरली, ५० हून अधिक माणसं गेली. म्हणून पावसाळ्यात वेग उतरतो, आणि मुसळधार पावसात पुढचं नीट दिसत नसेल तर गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची असा चालकांना आदेश असतो. जुलैमध्ये एका रात्री आमची गाडी बोगद्याच्या तोंडाशी थांबली होती. खिडकीतून पाहिलं तर इरलं पांघरल्यासारखा रेनकोट घातलेला एक गस्तवाला हातात दिवा घेऊन कडेकडेने चालत गेला. पाणी त्याच्या पायाखालून धो धो वाहत होतं. नानांनी काचेवर हात ठेवला आणि तो दिसेनासा होईपर्यंत काही बोलले नाहीत. त्यानंतर आमच्या घरात गाडी उशिरा आली म्हणून कुणी कुरकुरत नाही.

रेल्वेचा खरा प्रश्न उतरल्यावर सुरू होतो. कोकणात स्टेशन एकीकडे आणि गाव दुसरीकडे. रत्नागिरीचं कुवारबावला, चिपळूणचं वालोप्याला, आणि राजापूर रोड तर राजापूरपासून कितीतरी लांब. आमचं स्टेशन याहून लहान. सप्टेंबरात गाडीला उशीर झाला आणि आम्ही रात्री दीडला उतरलो. फलाटावर उतरलेली माणसं पाच मिनिटांत पांगली. बाहेर एकच रिक्षा, तीही अंधारात, दोन माणसं आधीच आत बसलेली. मी नानांना घेऊन परत आत आले आणि स्टेशन मास्तरांच्या खोलीसमोरच्या बाकावर बसले. पहिली एसटी साडेपाचला. मास्तरांनी चौकशी केली, नानांसाठी पंखा लावून दिला. चार तास आम्ही त्या एका दिव्याखाली काढले. आजारी माणसाला चार तास बाकावर बसवणं ही काही सोय नव्हे, रात्रीच्या गाड्यांना जोडून एक बस हवीच. पण त्या रिक्षात न बसण्याचा निर्णय मी पुन्हा घेईन.

कारण रिक्षाला कुठलंच कवच नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण लागतं, मात्र तीनचाकींना त्यातून वगळलंय. म्हणजे कोकणातला शेवटचा, सगळ्यात निर्जन टप्पा नेमका त्या नियमाबाहेर. मी रिक्षात बसायच्या आधी नंबरचा फोटो काढते, भावाला पाठवते आणि चालकाला ऐकू जाईल असं फोनवर सांगते, "दादा, नंबर पाठवलाय, अर्ध्या तासात पोचते." चांगल्या चालकांना त्याचा राग येत नाही. आमच्या नाक्यावरचे एक काका आता स्वतःच विचारतात, "पाठवलंस काय?"

बटणाबद्दल फार लिहीत नाही. मुंबईहून एकदा एका खासगी आरामबसने आले. लाल बटण होतं, पण पडद्यामागे, आणि त्यावर पिशवीचा हूक ठोकलेला. त्यानंतर कुठल्याही गाडीत बसले की बटण कुठे आहे ते आधी डोळ्यांनी शोधते, आणि ११२ हा आणीबाणीचा नंबर फोनच्या पहिल्या पानावर ठेवते.

आता शनिवारची शेवटची एसटी. आमचा थांबा वळणावर आहे, आंब्याच्या बागेला लागून, घर ना दार. दोनशे पावलं पुढे वहिनींचं दुकान आहे, त्यांचा दिवा नऊपर्यंत चालू असतो. दुसऱ्याच आठवड्यात मी कंडक्टरना विनंती केली की थांब्याऐवजी दुकानापाशी उतरवाल का. त्यांनी एक शब्द न बोलता तिथे बेल मारली आणि तेव्हापासून त्या गाडीवर कुणीही असो, बेल तिथेच वाजते. एकमेकांना सांगून ठेवलंय बहुतेक. मी उतरून वहिनींशी दोन शब्द बोलेपर्यंत गाडी जागची हलत नाही. एसटीला या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी पाच देते.

फेब्रुवारीत वहिनी आठ दिवस माहेरी गेल्या. मला माहीत नव्हतं. बेल वाजली, मी उतरले, गाडी निघाली आणि समोर काळोख. दुकानाच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं होतं, विडीचं टोक तेवढं दिसत होतं. ते कोण होतं मला आजही माहीत नाही. कदाचित बागेचा राखणदारच असेल. मी फोनची बॅटरी लावून घरापर्यंत पळत गेले. आईने दार उघडलं, काही विचारलं नाही, पाणी दिलं.

त्या सोमवारी मी रजा घेतली आणि ग्रामपंचायतीत अर्ज दिला: थांबा वळणावरून हलवून दुकानापाशी आणावा आणि तिथे सौरदिवा बसवावा. खाली बावीस सह्या आहेत, त्यातल्या सतरा बायकांच्या. एक सही शेवटच्या गाडीच्या कंडक्टरांची होती, पण ते गावचे नाहीत म्हणून ती बाद झाली. त्यांनी मग त्यांच्याकडून वेगळं पत्र दिलं. खांब उभा राहिलाय, दिवा अजून नाही. सरपंचबाई म्हणाल्या, १ मेच्या ग्रामसभेत विषय घेते. त्या दिवशी सुट्टी आहे, मी गावात असेन, आणि आईही येणार म्हणते.