घरातला ग्लुकोमीटर: आईच्या त्या पहाटेनंतर लिहिलेला अभिप्राय

हा ग्लुकोमीटर आमच्याकडे तीन वर्षं आहे. त्यातला बराच काळ तो कपाटातच होता. आई अधूनमधून उपाशीपोटी शुगर बघायची, वहीत लिहायची आणि पाऊच जागच्या जागी ठेवून द्यायची. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी "चांगला आहे" एवढंच म्हणाले असते. गेल्या महिन्यात एका पहाटे सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आई ६८ वर्षांची. डायबेटिससाठी ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी चालू होती. आदल्या दिवशी पोट बिघडलं म्हणून ती जवळजवळ न जेवताच झोपली, गोळी मात्र नेमाने घेतली. सव्वाचारला तिच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, गाऊन घामाने चिंब, आणि मला मावशीच्या नावाने हाक मारतेय. जीभ जड, शब्द अडखळत होते. माझ्या डोक्यात एकच आलं, पॅरालिसिस. अॅम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी चेहरा वाकडा झालाय का, दोन्ही हात उचलता येतात का हे विचारलं आणि लगेच म्हणाल्या, "डायबेटिस आहे? घरात मशीन आहे? मग शुगर बघा, मी लाइनवर आहे."

आईचं बोट थंडगार पडलेलं, टोचलं तरी रक्त येईना. मशीनमध्ये घालायची, रक्ताचा थेंब घेणारी पहिली पट्टी वाया गेली, थेंब पुरला नाही. मग तिचा हात खाली सोडला, तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे चोळत आणलं आणि कडेला टोचलं. पाच सेकंदांत आकडा आला: ४१. ७० च्या खाली गेली की शुगर कमी, ५४ च्या खाली गंभीर. आई शुद्धीत होती, गिळू शकत होती, म्हणून बाईंनी १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून द्यायला सांगितलं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, हे दोनदा बजावलं. ग्लास आईला स्वतःच धरायचा होता. त्यातलं थोडं तिच्या हातावर सांडलं.

पंधरा मिनिटांनी परत तपासलं, २१२. मला रडूच कोसळलं. आता सगळं ठीक झालं, असं फोनवर सांगूनही टाकलं. तेवढ्यात अॅम्ब्युलन्सची माणसं आली. त्यांच्यातल्या एकाने आईचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ताई, यांची बोटं चिकट आहेत." त्याने ओल्या कपड्याने बोट स्वच्छ पुसलं, कोरडं केलं आणि आमच्याच मशीनवर परत घेतलं. ५८.

बोटाला लागलेलं ग्लुकोज रक्तात मिसळलं होतं. थेंब इतका छोटा असतो की साखरेचा नुसता चिकटा लागला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका, बोट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे, मी तीन वर्षांत ते उघडलं नव्हतं. तो माणूस दहा मिनिटं उशिरा आला असता तर मी निर्धास्त होऊन आईला परत झोपवलं असतं, हा विचार अजून जात नाही.

आईला दुसरा ग्लास दिला आणि मग हॉस्पिटलला नेलं. या गोळीचा असर बराच वेळ राहतो, त्यामुळे एकदा वर आलेली शुगर पुन्हा घसरू शकते. दुपारी तसंच झालं, ६४. किडनीचं काम मंदावल्यामुळे गोळी अंगात साठत होती, असं रक्ततपासणीवरून कळलं. ती गोळी आता बंद आहे.

अचूकतेबद्दल माझी तक्रार नाही. लॅबमध्ये ९७ आली तेव्हा आमच्या मशीनवर १०४ होती. १०० च्या आत १५ पर्यंतचा फरक घरगुती मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकातही चालतो.

तक्रारी दोन आहेत. स्क्रीनला दिवा नाही. अर्धवट उजेडात एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात आईचं बोट, अशी माझी अवस्था होती. आणि सेल बदलला की घड्याळ शून्यावर जातं, पण मशीन तसं सांगत नाही. डॉक्टरांनी मागची रीडिंग्ज मागितली तेव्हा आकडे सगळे होते, तारखा चुकलेल्या. आईच्या वहीमुळे निभावलं. दोन महिन्यांपासून सकाळची शुगर उतरत चालली होती, तेही तिच्या अक्षरातच दिसलं.

पट्ट्यांच्या डबीवर मी आता उघडल्याची तारीख लिहिते. झाकण उघडं राहिलं की हवेतल्या दमटपणाने पट्ट्या खराब होतात. पाऊच आईच्या उशाशी असतो, त्यात एक छोटा टॉर्च आणि पाण्याची लहान बाटली. परवा आईने विचारलं, "पाणी कशाला गं यात?" मी तिची बोटं धुऊन दाखवली.

पाचापैकी चार देते. दिवा असता तर पाच दिले असते.