रिचार्ज संपत आलाय? सह्याद्री की खाजगी मराठी चॅनल्स, आधी हे बघा

आई-बाबा दिवसभर घरी, टीव्ही चालूच, आणि रिचार्जची तारीख जवळ आली की घरोघरी तोच विषय निघतो. पैसे भरून खाजगी मराठी चॅनल्सचा पॅक चालू ठेवायचा की फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनभाड्याची छत्री, बसवून दूरदर्शनच्या सह्याद्री या मराठी चॅनलवर भागवायचं? बहुतेक जण नुसते महिन्याचे पैसे बघून ठरवतात, पण दिवसभरात पडद्यावर काय येतं ते एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघा, खरा फरक तिथे आहे.

सकाळपासून सुरू करू. सह्याद्रीवर अभंग-भक्तीगीतं, योगासनं, आरोग्यावर डॉक्टरांशी गप्पा असं काय काय चालू असतं. खाजगी मनोरंजन चॅनलवर थोडं भविष्य, थोडी भक्ती, आणि मग कालच्या मालिका परत. दुपारीही पुन्हा त्याच. म्हणजे चॅनल चोवीस तासांचं असलं तरी नवीन माल येतो तो संध्याकाळच्या चार-पाच तासांत, बाकी दिवस त्याच्यावरच निघतो. ज्यांचा एपिसोड चुकला त्यांना हे सोयीचं आहेच, पण जो माणूस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा टीव्हीसमोर एकटा असतो त्याच्यासाठी दिवस फार लांबतो.

सह्याद्रीची ताकद नेमकी या मधल्या वेळेत आहे. शेतीचे कार्यक्रम मुंबई दूरदर्शनची जुनी ओळख, 'आमची माती आमची माणसं' माहीत नाही असं जुन्या पिढीतलं घर सापडणं कठीण. शेतीचा फोन-इन असेल तर शेती नसलेल्या माणसानेही एकदा बसून बघावा असं मला मनापासून वाटतं. एखादा शेतकरी फोन करून सांगतो, साहेब सोयाबीन पिवळं पडलंय. तज्ज्ञ लगेच औषधाचं नाव सांगत नाहीत, आधी विचारतात वरची पानं पिवळी का खालची? वरची, शेंड्याकडची. शिरा हिरव्या आहेत का? हो साहेब, शिरा हिरव्याच. रान चुनखडीचं आहे का, पाणी धरतंय का? मग उलगडा होतो की हा रोग नाही, पिकाला लोह मिळत नाहीये, आधी साचलेलं पाणी काढा, वापसा येऊ द्या म्हणजे रानात चिखल न राहता नुसता ओलावा राहू द्या, फवारणीचं नंतर बघू. खालची जुनी पानं पिवळी असती तर आधी नत्राकडे बघितलं असतं. चार मिनिटांत एका माणसाचं काम झालं आणि ऐकणाऱ्या बाकीच्यांनाही पान कसं बघायचं ते कळलं. हा वेळ खाजगी चॅनल देणार नाही कारण त्यात जाहिरातदाराला काही मिळत नाही, आणि सरकारी पैशातून चालणारं चॅनल कशासाठी हवं याचं माझ्या मते यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

गाण्याचंही तसंच. खाजगी चॅनलचे गाण्याचे रिअॅलिटी शो झगमगीत असतात, त्यातून चांगली पोरं पुढे आलीत हे मान्य, पण गाणं दोन-तीन मिनिटांचं आणि मग परीक्षकांचं बोलणं, घरच्यांचे डोळे पुसतानाचे क्लोजअप, ब्रेक. सह्याद्रीवर मैफलीचं रेकॉर्डिंग लागलं की तानपुरे जुळलेले, विलंबित ख्याल सावकाश उलगडत जातोय आणि कॅमेरा गायकाच्या हातावर शांत थांबलाय असं बघायला मिळतं. जुनी रेकॉर्डिंग चौकोनी असतात, आताच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, त्याचा त्रास होत असेल तर तो होणारच. ज्याला गाणं आवडतं त्याला पट्ट्या दिसतच नाहीत.

आता मालिका. इथे खाजगी चॅनल सरळ पुढे आहेत, यात वाद नको. कलाकार, सेट, कॅमेरा, रोजचा एपिसोड कुठे तोडायचा याचं कसब, सगळंच वरचढ. कथा ताणतात, एका लग्नाचे पंधरा पंधरा दिवस करतात, तरी माणसं बघतात आणि त्याला कारण आहे. आईचा मावशीला रात्री फोन जातो तो त्या मालिकेतल्या सुनेबद्दल बोलायला. नव्वदीकडे झुकलेल्या आजींना त्या घरातली माणसं ओळखीची वाटतात. ही सोबत नुसते पैसे वाचवण्यासाठी काढून घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते. सह्याद्रीच्या मालिका त्या मानाने साध्या, पुढे काय होणार म्हणून जीव टांगणीला लागावा असं त्यात फारसं नसतं.

बातम्यांत मात्र गणित बदलतं. सह्याद्रीच्या बातम्यांत आरडाओरडा नाही, एका स्क्रीनवर आठ माणसं भांडत नाहीत, निवेदक स्वच्छ मराठीत वाचतात, जिल्ह्याजिल्ह्यांतलं थोडं थोडं येतं, अर्ध्या तासात विषय संपतो. पण सरकारी योजना, मंत्र्यांचे कार्यक्रम, उद्घाटनं यांना जागा भरपूर, आणि सरकारला टोचणारे प्रश्न तिथे क्वचितच. त्यासाठी खाजगी न्यूज चॅनल किंवा पेपर लागतोच. बीपीवाल्या माणसाला दिवसभर ब्रेकिंग न्यूजसमोर बसवू नका एवढंच म्हणेन, सह्याद्रीच्या बातम्या आणि सकाळचा पेपर ही जोडी चांगली जमते.

लहान मुलांसाठी म्हणाल तर दोन्हीकडे फार काही नाही. पण २०२० च्या जुलैत शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सह्याद्रीवर लागायची, ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, नेट नव्हतं तिथेही ती पोचली. तेव्हा हे चॅनल काय करू शकतं ते दिसलं.

जाहिरातींबद्दल, नियमाने तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, त्यात चॅनलच्या स्वतःच्या प्रोमोची २ मिनिटंही आली. गाजलेल्या मालिकेच्या वेळी तरी ब्रेक लांबलचक वाटतात, सह्याद्रीवर ते कमी जाणवतं.

पैशाचं आता. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा. २००४ च्या डिसेंबरपासून ही सेवा आहे. बॉक्स घेताना एमपेग-४ वालाच, म्हणजे नव्या पद्धतीचा सिग्नल दाखवणारा, मागा, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही चॅनल्स दिसतच नाहीत आणि मग लोक छत्री फिरवत बसतात. आणखी एक, फ्री डिशवर खाजगी चॅनल्स लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे आज दिसणारं चॅनल पुढच्या वर्षी असेलच असं नाही, २०२२ च्या एप्रिलमध्ये मोठ्या कंपन्यांची काही हिंदी चॅनल्स अशीच निघून गेली होती. आईची ठराविक मालिका पैसे लागणाऱ्या चॅनलवर असेल तर फ्री डिशवर ती मिळणार नाही, हे आधीच तपासा.

आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, केबल आणि डीटीएचवाल्यांना दूरदर्शनची ठराविक चॅनल्स दाखवणं बंधनकारक आहे. म्हणजे पॅक चालू ठेवलात तरी सह्याद्री घरात असतंच, फक्त नंबर कुठेतरी मागे असतो म्हणून कोणी तिथे जात नाही. शिवाय यूट्यूबवर सह्याद्रीचे कार्यक्रम आहेत आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वेव्हज नावाचं अॅप काढलंय.

त्यामुळे माझं मत असं: घरात मालिका बघणारं कोणी नसेल, गावाकडे शेती असेल किंवा गाण्याची आवड असेल तर फ्री डिश बिनधास्त बसवा. मालिका बघणारं माणूस असेल तर पॅक बंद करू नका, फक्त मोठा पॅक काढून एक-दोन मराठी चॅनल्स सुटी निवडा, ऑपरेटरला तशी द्यावीच लागतात. आणि सेट-टॉप बॉक्सच्या फेवरेट लिस्टमध्ये सह्याद्री पहिल्या नंबरवर टाकून द्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला तीन आकडी नंबर लक्षात ठेवावा लागणार नाही. पंधरा दिवस दुपारी कुठलं चॅनल लागतं ते बघा आणि पुढचा रिचार्ज त्यावर ठरवा.