ब्रेकमधील हवा काढण्याचा हातपंप : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

हा पंप मी हौसेने घेतलेला नाही. माझ्या जुन्या हॅचबॅकच्या मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये नवे व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक ड्रमवर टेकवणारे छोटे सिलिंडर) आणि नवे लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) बसवून जळगावातील एका गॅरेजने गाडी परत दिली, तेव्हा ब्रेकचे पेडल उशीवर पाय ठेवावा तसे दबत होते आणि त्याबद्दल विचारले असता "नवे पार्ट आहेत शेठ, चालवल्यावर बसतील" असे उत्तर मिळाले. लायनर ड्रमला घासून बसतात हे खरे आहे, परंतु पाइपात अडकलेली हवा गाडी चालवल्याने बसत नाही. ब्रेक ऑइल दाबले जात नाही आणि हवा दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडा आक्रसण्यातच खर्च होतो. हवा पुन्हा काढून देण्यासाठी गॅरेजने ऑइल आणि मजुरी मिळून जी रक्कम सांगितली, तिच्यात थोडी भर घातली की मापक असलेला व्हॅक्यूम हातपंप ऑनलाइन मिळत होता. मी तोच मागवला.

पंपाची बांधणी चांगली आहे. अंग धातूचे आहे, मापकाचा काटा एकदा वर चढला की टिकून राहतो आणि ऑइल साठवण्याची बाटली पारदर्शक असल्यामुळे आतून निघालेला काळपट माल डोळ्यांना दिसतो. घरातील कोणाला तरी सीटवर बसवून चाकापाशी बसून "दाबा, धरा, सोडा" असे ओरडण्याचा प्रसंग येत नाही. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. माझ्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून (पेडलने ऑइलवर दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत लांबचे, म्हणजे मागचे डावे चाक आधी येते. बॉनेटखालची ब्रेक ऑइलची टाकी मात्र सतत भरत राहावी लागते, कारण ती रिकामी झाली की वरून नवी हवा शिरते आणि सगळे काम पहिल्यापासून सुरू होते.

आता मूळ तक्रार. निपलवर, म्हणजे प्रत्येक चाकाच्या ब्रेकवरील हवा सोडण्याच्या पोकळ स्क्रूवर, बसणारी रबरी टोपी हा या संचातील सर्वांत स्वस्त भाग असावा, आणि माझी सर्वांत जास्त चिडचिड तिच्यामुळेच झाली. निपल पाव फेरा सैल करून पंप मारला की नळीतून बुडबुडे येऊ लागतात, आणि ते थांबतच नाहीत. नव्याने फोडलेल्या बाटलीतले ऑइल निम्म्याहून अधिक संपते, तरी बुडबुड्यांची रांग तशीच राहते. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला, त्याने आधी "टोपी घट्ट बसवा" असा सल्ला दिला, नंतर बऱ्याच वादानंतर संच बदलून दिला, आणि बदली संचानेही अगदी तसेच बुडबुडे दाखवले. त्या आठवड्यात लिहिले असते तर या पंपाला एकच तारा मिळाला असता.

पुढे मत बदलले, कारण ते बुडबुडे बहुतांशी ब्रेकच्या पाइपातून येतच नव्हते. बंद निपल त्याच्या टोकाच्या शंकूवर सील होतो, आट्यांवर नव्हे. तो सैल केला की आट्यांच्या फटीतून बाहेरची हवा पंपाच्या ओढीने सरळ नळीत येते. निपल काढून त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, टोक आणि छिद्र मोकळे ठेवले, आणि बुडबुडे जवळजवळ नाहीसे झाले. साधे ग्रीस तेथे लावू नये. खनिज तेलाने ब्रेकमधील रबर फुगते. ड्रममध्ये आणखी एक भानगड असते. व्हील सिलिंडरमधील रबरी कपाची कड आतून दाब आला की भिंतीला चिकटते, उलट पोकळी निर्माण केली की सैल पडते आणि तिच्या बाजूनेही हवा आत येऊ शकते. म्हणून मागच्या चाकांना काटा पार वर नेण्यात अर्थ नाही; थोडी थोडी ओढ देत काम करावे आणि शेवटचे दोन-चार दाब जुन्या पद्धतीने पायानेच द्यावेत. एवढी गोष्ट माहितीपत्रकात एका ओळीत लिहिता आली असती, पण तेथे केवळ सुरक्षाचष्मा घालण्याची सूचना आहे.

एवढे करूनही पेडल खालीच लागत होते. हँडब्रेक ओढून पेडल दाबले तर ते वर आणि कडक लागले, यावरून दोष आता हवेचा नसून नव्या लायनर आणि ड्रममधील अंतराचा आहे हे स्पष्ट झाले. ड्रममधला अ‍ॅडजस्टर (हे अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवून ते अंतर कमी केले आणि पेडल जागेवर आले. हे काम गॅरेजच्या मजुरीत आधीच धरलेले होते, हे येथे नमूद करतो.

खान्देशात सपाटीवर फिरणाऱ्याला ब्रेक तापण्याचा अनुभव सहसा येत नाही, परंतु कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना किंवा तोरणमाळहून खाली येताना तो येतो. ब्रेक ऑइलच्या प्रतींपैकी डॉट ३ ऑइल कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात, आणि उकळलेल्या ऑइलची वाफ पेडलखाली हवेसारखीच वागते. त्यामुळे पावसाळा संपल्यावर याच पंपाने चारही चाकांचे जुने ऑइल काढून नवे डॉट ४ भरले. त्या कामात पंपाने खरी किंमत वसूल करून दिली. नंतर कन्नडचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. घाटाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पेडल एकसारखे राहिले.

एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत त्याच्या युनिटमध्येच हवा शिरली असेल तर स्कॅनर जोडून आतील झडपा चालवाव्या लागतात, तेथे हा पंप एकटा पुरत नाही. २०१९ च्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे असल्याने नव्या गाडीवाल्यांनी हे लक्षात घ्यावे.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या त्या रबरी टोपीला शेवटी चीर गेली. विक्रेता ती सुटी देत नाही, पूर्ण संच घ्या म्हणतो. सध्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा लावून काम भागवतो आहे. तो दर वेळी नवा लागतो, पण दोन रुपयांत मिळतो. पंपाला चार तारे, टोपीला शून्य.