टायफॉइडनंतरची 'अमिनो' पावडर: घेण्याआधी डबा उलटा करून बघा

माझ्या सासऱ्यांना टायफॉइड झाला होता. ताप गेला, पण जिना चढताना पाय लटपटायचे. तेवढ्यात ओळखीतला एक 'न्यूट्रिशन कोच' घरी हजर. "काका, आजारात झीज झालीय. हे अमिनो अ‍ॅसिड थेट स्नायूंत जातं, बघा कशी ताकद येते." 200 ग्रॅमचा डबा, 1,850 रुपये. पावती अ‍ॅपवर येईल म्हणाला, ती काही आली नाही.

मधुमेह आहे हे सासूबाईंनी त्याला सांगितलं होतं. "शुगर फ्रीच आहे," छातीठोक उत्तर. मग उपाशीपोटीची साखर 190 वर कशी गेली? गोळ्या त्याच, जेवण तेच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, आणि इथे पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली पावडर. चवीला फारसं गोड नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने चढवतं.

अमिनो अ‍ॅसिडं म्हणजे प्रोटीन ज्यांपासून बनतं ते घटक. त्या प्रोटीनचा हिशोब तर आणखी मजेशीर. 10 ग्रॅम पावडरीत 3 ग्रॅम. म्हणजे अख्ख्या डब्यात 60 ग्रॅम, जेमतेम दहा अंड्यांइतकं. तेही खरं धरलं तर! यादीत ग्लायसिन होतं. हे स्वस्त अमिनो अ‍ॅसिड आपलं शरीर स्वतःच बनवतं. प्रोटीन बहुधा नायट्रोजनवरून मोजतात, आणि ग्लायसिनमध्येही नायट्रोजन असतो, त्यामुळे ते मिसळलं की आकडा आपोआप फुगतो. जी नऊ अमिनो अ‍ॅसिडं अन्नातूनच मिळवावी लागतात, ती किती आहेत याचा डब्यावर पत्ता नाही.

जाब विचारला तर त्याने एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 14 आकडी क्रमांक पुढे केला: "सरकारमान्य आहे." अहो, तो खाद्यपदार्थाच्या धंद्याचा परवाना. आजार बरा करतं असं सांगायची मुभा त्यातून मिळत नाही. त्याच डब्यावर बारीक अक्षरांत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' छापलं होतं.

सील फोडलंय म्हणून पैसे परत नाहीत. आम्ही ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवलीय. त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे दावे जपून ठेवले होते, ते तिथे जोडले. डॉक्टरांनी पावडर बंद करून अंडी, मुगाचं वरण आणि ताक सांगितलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर असलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

परवा तोच माणूस शेजारच्या काकूंकडे बसला होता. त्यांना डेंग्यू होऊन गेलाय. आता म्हणे अमिनोने प्लेटलेट वाढतात, डबा 2,400 रुपयांना.