नॉक्टुआ एनएच-डी१५ : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएच-डी१५ हा प्रोसेसरवर बसवायचा एअर कूलर माझ्या संगणकात गेले अकरा महिने चालू आहे. तांब्याचा तळ, त्यातून निघालेल्या नळ्या, त्यांवर बसवलेल्या पातळ पत्र्यांचे दोन मनोरे आणि दोन पंखे अशी त्याची रचना आहे. त्याच्याखाली रायझन ७ ५८००एक्स हा आठ कोरचा, म्हणजे आठ गणनकेंद्रांचा प्रोसेसर आहे. माझे काम ध्वनिमुद्रणांच्या संपादनाचे असून मायक्रोफोन आणि संगणक एकाच खोलीत, जेमतेम दोन हातांच्या अंतरावर असतात. त्यामुळे प्रोसेसर किती थंड राहतो याच्याइतकेच तो थंड ठेवताना आवाज किती होतो, हे मला महत्त्वाचे वाटते. खरेदीपूर्वी मात्र मी नेमके उलट केले. जवळजवळ तीन आठवडे मी निरनिराळ्या कूलरच्या चाचण्यांतील एक-दोन अंशांच्या फरकांची तुलना करत बसले, आणि पुढच्या महिन्यांत जे प्रश्न खरोखर समोर आले त्यांपैकी एकाचाही विचार त्या तुलनेत नव्हता.

याआधी माझ्याकडे द्रवाधारित कूलर होता. तिसऱ्या वर्षी त्याच्या पंपातून बारीक किणकिण सुरू झाली. ती कानाला फारशी जाणवत नसे, पण ध्वनिमुद्रणात स्पष्ट उतरत असे. पंख्याचा आवाज एकसारखा असतो आणि नंतर तो बराचसा पुसता येतो. पंपाची किणकिण मध्येच उमटते, मध्येच विरते, आणि तिच्यावर सॉफ्टवेअरचा इलाज चालत नाही. पंप मूळ यंत्रणेतच बंदिस्त असल्याने सुटा बदलणेही शक्य नव्हते. एअर कूलरमध्ये हलणारा भाग एकच, पंखा. तो बिघडला तर दोन तारेच्या क्लिपा काढून दुसरा लावता येतो. एअर कूलरकडे वळण्याचे माझे मुख्य कारण हे होते.

निवड करताना पहिला गोंधळ वॅटच्या आकड्यांचा झाला. प्रोसेसरच्या खोक्यावर १०५ वॅट लिहिलेले असते, परंतु सर्व कोरवर भार पडला की ५८००एक्स सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरील त्याच्या बैठकीतून, १४२ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. दुसरीकडे अनेक कूलरच्या खोक्यांवर, तो किती वॅटची उष्णता हाताळेल हे सांगणारे २२०, २५०, २६० असे आकडे असतात. ते मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही. नॉक्टुआ स्वतः वॅटचा आकडा न देता आपल्याच कूलरांमध्ये तुलना करता येईल असा निर्देशांक देते. तो प्रामाणिक आहे, पण इतर कंपनीच्या कूलरशी तुलना करणाऱ्याला त्याचाही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट मला खरेदीनंतर उमगली, ती आधी कळली असती तर पहिल्या आठवड्यातील निराशा टळली असती. ५८००एक्समधील आठही कोर सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपलेटवर (प्रोसेसरच्या आतील सिलिकॉनच्या छोट्या तुकड्यावर) आहेत, आणि त्या १४२ वॅटपैकी बहुतेक उष्णता एवढ्याशा जागेतून बाहेर पडते. त्याच मालिकेतील बारा कोरचा ५९००एक्स वीज तेवढीच घेतो, पण ती दोन चिपलेटांत विभागली जाते, म्हणून तोच कूलर त्याच्यावर कमी तापमान दाखवतो. अडचण कूलरपर्यंत उष्णता पोहोचण्यात आहे. एकदा ती तांब्याच्या तळापर्यंत आली की सहा हीटपाइप तिला सहज वाहून नेतात. हीटपाइप म्हणजे हवा काढून बंद केलेली तांब्याची नळी. आत थोडासा द्रव असतो, तो गरम टोकाला वाफ होतो, पत्र्यांच्या बाजूला जाऊन पुन्हा द्रव होतो आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने परत येतो. म्हणून एवढा अवजड कूलर बसवल्यावरही पूर्ण भारावर ८० च्या पुढचा आकडा दिसला, तर कूलर सदोष आहे असे समजण्याचे कारण नाही. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे.

आता आकाराविषयी, कारण या कूलरची निवड तापमानापेक्षा मोजपट्टीने करावी असे माझे मत झाले आहे. दोन्ही पंख्यांसह त्याची उंची १६५ मिलिमीटर आणि वजन १,३२० ग्रॅम आहे. माझ्या कॅबिनेटमध्ये १७० मिलिमीटरपर्यंतचा कूलर मावतो, म्हणून मी निश्चिंत होते. रॅमकडे मात्र मी पाहिलेच नव्हते. पुढचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर येतो आणि त्याच्याखाली ३२ मिलिमीटर उंचीचीच रॅम बसते. माझ्या पट्ट्यांवरील शोभेच्या पत्र्यासह त्यांची उंची ४४ मिलिमीटर आहे. पंखा १२ मिलिमीटर वर सरकवला तर एकूण उंची १७७ होते आणि कॅबिनेटची बाजू बंद होत नाही. शेवटी पुढचा पंखा काढून मी फक्त दोन मनोऱ्यांमधला पंखा ठेवला आणि दुसरा खोक्यात परत गेला. पुरेशा उंचीच्या कॅबिनेटमध्ये ही अडचण येत नाही, आणि ३१-३२ मिलिमीटरची साधी रॅम घेतली तर कुठेच येत नाही. रुंदी १५० मिलिमीटर असल्याने माझ्या मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डची पाठ आणि कूलर यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकेल एवढीच फट उरली आहे. कार्ड काढायचे असेल तर त्याची खटकी बोटाने दाबता येत नाही, त्यासाठी मी एक लाकडी काडी जपून ठेवली आहे.

जुना कूलर काढताना माझ्याकडून एक मोठी चूक झाली. संगणक रात्रभर बंद होता, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली थर्मल पेस्ट वाळून घट्ट झाली होती, आणि मी तो सरळ वर ओढला. माझ्या मदरबोर्डवरील एएम४ या प्रकारच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या बाजूला असतात आणि खटकी लावलेली असली तरी जोर लावला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. माझा तसाच आला. १,३३१ पिनांपैकी तीन किंचित वाकल्या होत्या, त्या पातळ पात्याने सरळ करायला अर्धा तास लागला आणि तेवढा वेळ मी श्वास रोखून बसले होते. संगणकाला दहा मिनिटे भरपूर काम देऊन पेस्ट गरम करावी, मग तो बंद करून कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळावा, सुटल्याची खात्री झाल्यावरच उचलावा, हे मला त्याआधी तोंडपाठ होते. घाईत मी ते केले नाही, एवढेच.

नवा कूलर बसवणे त्या मानाने सोपे होते. मधला पंखा काढल्याशिवाय स्क्रूपर्यंत पोहोचता येत नाही, त्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हर सोबत मिळतो. दोन स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे आवळत न्यावेत. ते एका मर्यादेला आपोआप थांबतात, त्यामुळे दाब किती द्यावा याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही. सोबतची पेस्ट मी वापरली आणि अकरा महिन्यांत ती बदलण्याची गरज वाटलेली नाही.

पहिल्या महिन्यातील नोंदी सांगते. खोलीचे तापमान २७ अंश असताना, सर्व कोरवर अर्धा तास भार ठेवून, एका पंख्यासह प्रोसेसर ८१ अंशांवर स्थिरावला. मग मी कॅबिनेटची बाजू उघडून तीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा आकडा ७५ वर आला. ही चाचणी फुकट आहे, आणि नवा कूलर घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने ती आधी जुन्या कूलरवर करावी असे मी आग्रहाने सांगेन. बाजू उघडल्यावर पाच-सहा अंशांचा फरक पडत असेल, तर कूलरला स्वतःचीच तापलेली हवा पुन्हा ओढावी लागत आहे असा त्याचा अर्थ होतो. माझ्या कॅबिनेटच्या मागे एकच जुना, मरगळलेला पंखा होता आणि ग्राफिक्स कार्डची गरम हवाही खालून थेट कूलरकडे येत होती.

चौथ्या महिन्यात खोक्यात पडलेल्या दुसऱ्या पंख्याची आठवण झाली. त्याची चौकट १४० मिलिमीटरच्या वर्गातील असली तरी स्क्रूची छिद्रे १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या मापाची आहेत, म्हणून कॅबिनेटच्या मागच्या जागेवर तो बसला, आणि माझ्या कॅबिनेटमध्ये आजूबाजूला तेवढी मोकळी जागाही होती. त्याच २७ अंशांच्या खोलीत तीच चाचणी घेतली, तर ७६ अंश. दरम्यान मैत्रिणीकडून बुटकी रॅम एका दिवसासाठी आणून मी तोच पंखा कूलरवर, त्याच्या मूळ जागीही लावून पाहिला होता. तेव्हा फरक दोन अंशांचा पडला होता. म्हणजे ज्या एक-दोन अंशांसाठी मी तीन आठवडे तक्ते वाचले, त्याच्या दुपटीहून अधिक लाभ तोच पंखा वीतभर मागे नेल्याने झाला.

आवाजाकडे वळते. पंख्याचा वेग निम्मा केला की हवेचा प्रवाह साधारण निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. मोठ्या कूलरचा खरा फायदा यातच आहे: पत्र्यांचे क्षेत्रफळ भरपूर असल्याने पंखा संथ ठेवूनही भागते. या पंख्याचा कमाल वेग मिनिटाला १,५०० फेरे आहे. माझ्याकडे तो एरवी ६०० आणि भाराखाली ९५० च्या पुढे जात नाही. ६०० फेऱ्यांवर तो मायक्रोफोनच्या स्वतःच्या खरखरीखाली दडून जातो.

पहिले काही दिवस मात्र तसे नव्हते. हा प्रोसेसर एखादा प्रोग्रॅम उघडतानाही क्षणात ४५ वरून ६५ अंशांवर उडी मारतो आणि लगेच खाली येतो. मदरबोर्डची मूळ मांडणी प्रत्येक उडीबरोबर पंख्याला पळवत असे, त्यामुळे दर मिनिटाला आवाज चढे आणि उतरे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन मी ६८ अंशांपर्यंत वेग सपाट ठेवला आणि तापमान वाढल्यानंतर काही सेकंद थांबूनच पंख्याने प्रतिसाद द्यावा अशी सोय केली. एवढ्या धातूला तापायला वेळ लागतो, त्यामुळे क्षणभराच्या उडीमागे धावून पंख्याला काहीच साधता येत नाही. त्यानंतर मी प्रोसेसरची वीजमर्यादाही १४२ वरून ११५ वॅटवर आणली. तासभर चालणाऱ्या कामाला आता दोन-तीन मिनिटे अधिक लागतात आणि तापमान ६८-६९ अंशांवर राहते. हा बदल कोणत्याही कूलरवर करता येतो, पैसे न खर्चता. तो आधी केला असता तर कदाचित यापेक्षा लहान कूलरनेही माझे भागले असते, हे कबूल करते.

उन्हाळ्यात खोली ३४ अंशांवर गेली तेव्हा प्रोसेसरचे तापमानही जवळजवळ तेवढेच, सात अंशांनी चढले. एअर कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, तेव्हा चाचण्यांतील आकडे वाचताना खोलीचे तापमान दिलेले नसेल तर तो आकडा सोडून द्यावा.

धूळ सहाव्या महिन्यात साफ केली. पत्र्यांमधले अंतर पुरेसे असल्याने ती आत घट्ट बसलेली नव्हती. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, म्हणजे ती भरधाव फिरून धारव्याला (बेअरिंगला) इजा होत नाही. नवव्या महिन्यात संगणक गाडीतून हलवावा लागला. सव्वा किलोहून अधिक वजन मदरबोर्डवर आडवे लोंबकळत असते, म्हणून कॅबिनेट आडवे, मदरबोर्ड खाली येईल असे ठेवून नेले. लांबच्या प्रवासात किंवा कुरिअरने पाठवायचे असल्यास मी तो काढूनच पाठवीन.

ज्यांचा प्रोसेसर ६५ वॅटचा आहे त्यांना एवढ्या मोठ्या कूलरची गरज नाही. २५० वॅटच्या घरातले इंटेलचे वरचे प्रोसेसर तासन् तास पूर्ण भारावर चालवायचे असतील तर वीजमर्यादा न घालता शांतता मिळेल अशी अपेक्षा यावर ठेवू नये. मधल्या वर्गात थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसईसारखे १५५ मिलिमीटर उंचीचे, सहा हीटपाइपचे कूलर बऱ्याच कॅबिनेटांत अधिक सहज बसतात आणि तापमानात फार मागे राहत नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या एनएच-डी१५ जी२ मध्ये आठ हीटपाइप आहेत आणि उंची १६८ मिलिमीटर आहे. माझ्या कॅबिनेटमध्ये तो दोन मिलिमीटर राखून बसेल, परंतु सध्याचा बदलण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. पुढे एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड घेतला तरी हाच कूलर याच ब्रॅकेटसह (बसवण्याच्या पट्ट्यांसह) त्यावर चढतो; रॅम मात्र त्या वेळी बुटकी घेईन.