हिरड्यांवरची 'लाइट थेरपी' : माझी फसवणूक कशी झाली

ब्रश करताना रक्त यायचं आणि खालची डावी दाढ जराशी हलायची, म्हणून दवाखान्यात गेले. तिथे सांगितलं, हिरड्यांचा आजार बराच पुढे गेलाय, पण घाबरू नका. लाइट थेरपीने जंतू मरतील, खरवडायची गरज नाही, भूलही नको. चार सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ. मला सुईची प्रचंड भीती. 'भूल नको' एवढं ऐकलं आणि पुढचं काही विचारलंच नाही.

दरवेळी डोळ्यांवर नारिंगी चष्मा, हिरडीजवळ निळा दिवा, थोड्या थोड्या वेळाने 'टीं' असा आवाज. दहा मिनिटांत मोकळी. रक्त कमी झालं असं मला वाटायचं, किंवा वाटून घ्यायचे.

चार महिन्यांनी दाढ जास्तच हलायला लागली, तेव्हा हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून एकेका दाताभोवती सहा ठिकाणी मोजलं. असिस्टंट आकडे लिहून घेत होती. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. माझ्या दाढेपाशी सात निघाले. हे आधी कुणी मोजलंच नव्हतं. "मुळांवरचं किटण तसंच आहे हो," डॉक्टर म्हणाल्या.

त्याच दिवशी शेजारच्या दातात फिलिंग केलं. तोच नारिंगी चष्मा, तोच निळा दिवा, तोच 'टीं'. विचारलं तर म्हणाल्या, फिलिंग कडक करायचा दिवा आहे. मी खुर्चीत गार पडले.

जंतू मारणारी प्रकाश उपचार पद्धत खोटी नाही, म्हणूनच तिच्या नावावर फसवणं सोपं जातं. त्यात आधी हिरडीच्या फटीत मेथिलीन ब्लूसारखा रंग सोडतात. त्यावर ठरावीक प्रकाश टाकला, मेथिलीन ब्लूसाठी साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल, की रंगामुळे ऑक्सिजनचं तीव्र रूप तयार होतं आणि ते जंतूंना मारतं. माझ्या तोंडात रंगाचा एक थेंबही पडला नव्हता. आणि असा प्रकाश किटण काढत नाही. ते अवजारांनी मुळापर्यंत साफ करावंच लागतं. प्रकाश असलाच तर त्या सफाईच्या जोडीला. युरोपातल्या हिरडी तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी तर जोडीलाही तो न वापरण्याचं सुचवलंय. हे मला पैसे भरण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

तुम्हाला कुणी असं पॅकेज सांगितलं तर आधी फटींचे आकडे लिहून मागा, कोणता रंग सोडणार ते विचारा, सफाई कोण आणि कधी करणार तेही विचारा. 'खरवडायची गरज नाही' म्हणाले तर सरळ उठून या.

माझी खोल सफाई भूल देऊन दोन बैठकींत झाली. सुई टोचली तेवढंच दुखलं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, सातचे पाच झालेत. दाढ अजून थोडी हलते. मधल्या चार महिन्यांत तिच्याभोवतीचं जे हाड झिजलं, ते सफाईने परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.