सी-स्पॅन: कापाकापी न करता अख्खं भाषण दाखवणारं चॅनल

अमेरिकेतलं राजकारण समजून घ्यायचंय आणि वेळ कमी आहे, तर न्यूज चॅनलवरची भांडणं सोडा आणि अमेरिकेच्या संसदेचं कामकाज दाखवणारं सी-स्पॅन बघा, हे मी इथे न्यू जर्सीत भेटेल त्या मराठी माणसाला सांगत असते. नाव बहुतेकांना माहीत असतं, केबलच्या लिस्टमधे कुठेतरी दिसलेलं असतं, पण "ते बोरिंग चॅनल ना, रिकाम्या खुर्च्या आणि भाषणं" म्हणून लोक पुढे जातात. बोरिंग आहेच, तासन्‌तास काही घडत नाही, मतदान चालू असताना नुसती माणसं फिरताना दिसतात. तरी इथल्या राजकारणाबद्दल स्वतःचं मत बनवायचं असेल तर माझ्या मते याच्याएवढी कामाची सर्व्हिस दुसरी नाही.

पुष्कळांना वाटतं हे सरकारी चॅनल आहे. तसं नाहीये. केबल कंपन्यांच्या पैशावर चालणारी ही नॉन-प्रॉफिट संस्था आहे, ब्रायन लॅम्ब या इंडियानाच्या माणसाने ती उभी केली आणि १९ मार्च १९७९ ला हाऊसचं म्हणजे प्रतिनिधीगृहाचं कामकाज पहिल्यांदा टीव्हीवर गेलं, त्या दिवशी पहिलं भाषण टेनेसीचे तेव्हाचे तरुण खासदार अल गोर यांचं होतं. सिनेटने मात्र १९८६ पर्यंत कॅमेरे आत येऊ दिले नाहीत. पैसा येतो तो केबल ग्राहकाच्या बिलातून, दर ग्राहकामागे महिन्याला काही सेंट, बस्स. टीव्हीवर जाहिराती नाहीत, सरकारी अनुदान नाही आणि रेटिंगच्या मागे धावणं नाही, म्हणून कोणी ओरडायला लागला की कॅमेरा त्याच्यावर झूम करायचा आणि खाली लाल पट्टी फिरवायची असले प्रकार इथे दिसत नाहीत. आपल्याकडे संसद टीव्ही संसदेचंच असतं, इथे उलटं आहे, चॅनल खासगी पण सभागृहाच्या आतले कॅमेरे सभागृहाचे. हे लक्षात ठेवा कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथेच आहे.

आता फायदा काय ते उदाहरणानेच सांगते. एप्रिल २०१८ मधे फेसबुकचा मार्क झुकेरबर्ग सिनेटच्या दोन समित्यांपुढे आला होता, ती क्लिप सगळ्यांनी बघितली असेल, म्हातारे सिनेटर ऑरिन हॅच विचारतात की लोक पैसे देत नाहीत तर तुमचा धंदा चालतो कसा आणि तो म्हणतो, सिनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो. त्यावरून सगळ्या जगाने ठरवून टाकलं की या म्हाताऱ्यांना इंटरनेटमधलं काही कळत नाही. पण ती सुनावणी जवळपास पाच तास चालली होती, ४४ सिनेटरांनी प्रश्न विचारले होते. अख्खी बघितली तर त्यात रिचर्ड ब्लुमेंथाल दिसतात, ज्या ॲपने फेसबुकवरून लोकांचा डेटा उचलला त्याच ॲपच्या अटींचा मोठा बोर्ड समोर धरून ते विचारतात की हे तुम्ही आधी बघितलं होतं का, आणि झुकेरबर्गला तिथे नीट उत्तर देता येत नाही. हा भाग कुठल्या मीममधे आला नाही. क्लिप खोटी नव्हती, पण तेवढ्यावर बनलेलं मत अर्धवटच होतं.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, सरकार काय सांगतं आणि काय लपवतं याचं इतकं स्वच्छ रेकॉर्ड क्वचितच सापडतं. १२ मार्च २०१३, सिनेटच्या गुप्तचर समितीची खुली सुनावणी. ओरेगॉनचे सिनेटर रॉन वायडन सरळ विचारतात की एनएसए ही सरकारी गुप्तचर संस्था कोट्यवधी अमेरिकन लोकांचा कुठल्याही प्रकारचा डेटा गोळा करते का, हो की नाही. समोर जेम्स क्लॅपर, तेव्हाचे राष्ट्रीय गुप्तचर संचालक. व्हिडिओ पॉज करून करून बघा. ते मान खाली घालतात, हात कपाळाकडे नेऊन चोळायला लागतात, नो सर म्हणतात, वायडन पुन्हा विचारतात, नाही का? तर म्हणतात, जाणूनबुजून नाही. वायडननी हा प्रश्न आदल्या दिवशीच त्यांच्या ऑफिसला पाठवलेला होता. जूनमधे एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेली कागदपत्रं बाहेर आली आणि कळलं की फोन कॉलच्या नोंदी सरसकट गोळा होत होत्या. नंतर क्लॅपरनी आपलं उत्तर चुकीचं होतं असं समितीला लेखी कळवलं. पेपरात हे दोन ओळींत वाचून जे कळत नाही ते तो चेहरा बघून कळतं, आणि वायडनची अडचणही कळते, खरं उत्तर त्यांना माहीत होतं पण गुप्ततेच्या नियमामुळे ते उघड बोलू शकत नव्हते, म्हणून त्यांनी समोरच्याला रेकॉर्डवर बोलायला लावलं. माझ्यासाठी सी-स्पॅनची किंमत या एका व्हिडिओत वसूल आहे.

आणि हे सगळं सापडतं ते त्यांच्या व्हिडिओ लायब्ररीत. १९८७ पासूनचं रेकॉर्डिंग आहे, अडीच लाख तासांच्या वर, इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत हे आर्काइव्ह सुरू झालं आणि २०१० पासून वेबसाइटवर सगळ्यांना फुकट आहे. सर्चमधे नाव टाका, माणसाचं वेगळं पान उघडतं, त्याने गेल्या वीस-तीस वर्षांत कुठे काय बोललं ते एकाखाली एक. एखादा नेता आज म्हणतोय की मी असं कधी बोललोच नाही, तर तपासायला जागा ही. हवा तेवढा भाग कापून स्वतःची क्लिप बनवता येते आणि क्लिपसोबत अख्ख्या कार्यक्रमाची लिंक राहते, बघणारा पुढचं-मागचं स्वतः बघू शकतो, हे मला फार आवडतं. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जानेवारी २०२३ पासून मिशिगनचे खासदार आहेत, त्यांचीही भाषणं तिथे आहेत, घरच्या मोठ्या माणसांना दाखवायला मी त्यांच्यापासूनच सुरुवात करते कारण नाव ओळखीचं असलं की माणूस टिकून बघतो.

ट्रान्सक्रिप्ट मात्र कामापुरतंच आहे. ते टीव्हीच्या सबटायटलवरून उचललेलं असतं, तपासलेलं नसतं, सगळी कॅपिटल अक्षरं, नावांची मोडतोड, परदेशी नावांचे तर हालच, त्यामुळे शब्द टाकून शोधताना दोन-चार स्पेलिंगं टाकून बघावी लागतात. कोणाचं वाक्य जसंच्या तसं कुठे लिहिणार असाल तर ऐकून मगच लिहा.

आता ती मोठी तक्रार. हाऊसमधले कॅमेरे हाऊसचे कर्मचारी चालवतात, सी-स्पॅनला फक्त फीड मिळतं. भाषणं चालू असताना बहुतेक बोलणारा माणूस आणि सभागृहाच्या अध्यक्षांची म्हणजे स्पीकरची खुर्ची एवढंच दिसतं, मागे कोण बसलंय, कोण झोपलंय, कोण उठून गेलंय ते नाही. १९८४ मधे यावरूनच मोठं रामायण झालं. न्यूट गिंग्रिच, रॉबर्ट वॉकर वगैरे तरुण रिपब्लिकन दिवसाचं कामकाज संपल्यावर रिकाम्या सभागृहात भाषणं ठोकायचे, विरोधकांना आव्हान द्यायचे, कोणी उत्तर देत नाही म्हणून हातवारे करायचे आणि घरी बघणाऱ्याला वाटायचं की समोर डेमोक्रॅट गप्प बसलेत. स्पीकर टिप ओ'नील चिडले आणि त्यांनी काही न सांगता कॅमेरा फिरवायला लावला, वॉकर बोलत असताना रिकाम्या खुर्च्या देशाला दिसल्या. मग सभागृहात जुंपली, ओ'नील तावातावाने म्हणाले की ३२ वर्षांत मी इतकी खालच्या पातळीची गोष्ट बघितली नाही, आणि नियमाप्रमाणे खुद्द स्पीकरचे शब्द नियमबाह्य ठरले कारण सहकाऱ्यावर वैयक्तिक चिखलफेक चालत नाही. मला हे फार विचार करण्यासारखं वाटतं. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे खासदार सभागृहात जे बोलतो त्यावरून कुठलंही कोर्ट त्याला प्रश्न विचारू शकत नाही, १९७१ मधे सिनेटर माइक ग्रॅव्हेलनी त्याच बळावर पेंटॅगॉन पेपर्स म्हणजे व्हिएतनाम युद्धाबद्दलची गुप्त सरकारी कागदपत्रं रात्री एका उपसमितीत वाचून रेकॉर्डवर आणले, म्हणजे बाहेरच्यांपासून एवढं संरक्षण, पण आतल्या आत शब्दाशब्दाला नियम. आणि गिंग्रिचचं तंत्र पण त्यातून कळतं, ते भाषण सभागृहासाठी नव्हतंच, कॅमेऱ्यासाठी होतं. आज कुठलाही पक्ष घ्या, निम्मी भाषणं तशीच असतात, अख्खं बघायची सवय लागली की ते लगेच ओळखू येतं.

कॅमेरा कोणाच्या हातात यावर किती फरक पडतो ते जानेवारी २०२३ मधे सगळ्यांनी बघितलं. केविन मॅकार्थींना स्पीकर व्हायला १५ वेळा मतदान घ्यावं लागलं, तोवर स्पीकरच नाही म्हणून नियमही नाहीत, आणि सी-स्पॅनला स्वतःचे कॅमेरे चालवायला मिळाले. मॅकार्थींना अडवणारे रिपब्लिकन मॅट गेट्झ आणि डावीकडच्या डेमोक्रॅट अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ म्हणजे एकदम दोन टोकं, ती एकमेकांशी गप्पा मारताना दिसली, शेवटच्या रात्री रिपब्लिकन खासदार माइक रॉजर्स चिडून गेट्झच्या दिशेने निघाले तर दुसऱ्याने त्यांना मागे ओढलं तेही दिसलं. लोक तासन्‌तास बघत होते! सी-स्पॅनने नंतर पत्र लिहून मागणी केली की आमचे कॅमेरे कायमचे राहू द्या. त्यांनी हे याआधीही वेगवेगळ्या स्पीकरांकडे मागितलंय, दोन्ही पक्षांच्या, आणि दोन्ही पक्षांनी नाही म्हटलंय. पारदर्शकतेवर भाषण द्यायला सगळे पुढे, पण फ्रेम कोणती दिसावी हे ठरवायचा अधिकार कोणाला सोडवत नाही, याचा मला खरंच राग येतो.

जून २०१६ चा किस्सा पण याच रांगेतला. ऑरलँडोच्या गोळीबारानंतर जॉन लुइस आणि बाकी डेमोक्रॅट बंदुकांच्या कायद्यावर मतदान घ्या म्हणून हाऊसमधे जमिनीवर ठिय्या मारून बसले, रिपब्लिकन नेतृत्वाने कामकाज तहकूब केलं आणि तहकूब म्हटलं की कॅमेरे बंद. मग आतले खासदार फोनवरून लाइव्ह दाखवायला लागले आणि सी-स्पॅनने तोच हलणारा, आवाज नीट नसलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला. पुढच्या जानेवारीत हाऊसने नियमच केला, सभागृहात फोटो-व्हिडिओ काढलात तर पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड, नंतर दरवेळी २,५००. सुप्रीम कोर्टात तर आजही कॅमेरा नाही, फक्त आवाज, तोही लाइव्ह मिळायला लागला मे २०२० मधे कोविडमुळे, तेव्हा स्क्रीनवर न्यायाधीशांचे फोटो बघत ऐकायचं.

सकाळचा वॉशिंग्टन जर्नल हा फोन-इन कार्यक्रम काहींना आवडत नाही, मला आवडतो. रिपब्लिकन, डेमोक्रॅट आणि अपक्ष अशा वेगळ्या फोन लाइन, एकदा फोन लागला की तीस दिवस पुन्हा करायचा नाही, आणि अँकर स्वतःचं मत सांगत नाही, वाद घालत नाही. यामुळे कधीकधी कोणीतरी धडधडीत चुकीचं बोलून जातं आणि अँकर पुढच्या कॉलला जातो, तिथे मला वाटतं थोडं तरी अडवायला हवं. पण याच मोकळेपणामुळे ऑगस्ट २०१६ मधे नॉर्थ कॅरोलायनाहून एका माणसाने फोन करून, थोडा अडखळत, सांगितलं की मी गोरा आहे आणि माझ्या मनात पूर्वग्रह आहेत, मी बदलायला काय करू, चांगला अमेरिकन कसा होऊ. स्टुडिओत हेदर मॅकगी होत्या, डेमॉस संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षा, कृष्णवर्णीय. त्या आधी त्याचे आभार मानतात, हे उघड कबूल केलंत ही फार मोठी गोष्ट आहे म्हणतात, आणि मग अगदी व्यवहारातले उपाय सांगतात, कृष्णवर्णीय कुटुंबांशी ओळख करा, रात्रीच्या बातम्यांवरून मत बनवू नका, चर्चला जात असाल तर मिश्र चर्चमधे जा, इतिहास वाचा. दोघांच्या बोलण्यात कुठे तोडातोडी नाही. पॅनलवर आठ डोकी एकदम ओरडणाऱ्या चॅनलवर तो माणूस पहिलं वाक्य तरी पूर्ण करू शकला असता का? फ्री स्पीच म्हणजे काय यावर हजार लेख वाचण्यापेक्षा हा कॉल बघा असं मी कॉलेजमधल्या मुलांना सांगते.

मिळतं कुठे ते सांगते. केबल असेल तर तीन चॅनल असतात, पहिलं हाऊसचं, दुसरं सिनेटचं, तिसऱ्यावर बहुतेक सुनावण्या. केबल सोडलेल्यांची बरीच वर्षं पंचाईत होती कारण वेबसाइटवर चॅनल लाइव्ह बघायला केबलचं लॉगिन मागतात, आणि लोक केबल सोडतायत म्हणजे यांचे ते काही सेंटही कमी होतायत, ही चिंतेची गोष्ट आहे. सी-स्पॅन नाऊ ॲपवर सरकारी कार्यक्रम लाइव्ह दिसतात, यूट्यूबवरही भरपूर असतं, भारतातल्या मंडळींना ते सोयीचं. नवीन बघणाऱ्यांनी लाइव्हच्या नादी लागू नका, लायब्ररीत जाऊन आपल्याला ज्याची झळ लागते अशा विषयाची एक सुनावणी निवडा, एच-वन-बी व्हिसा असो, औषधांच्या किमती असोत, आणि पहिला तास कंटाळा आला तरी बंद करू नका, कारण सुरुवातीला वरिष्ठ बोलतात ते बहुतेक लिहून आणलेलं असतं, नेमके प्रश्न पुष्कळदा शेवटी नंबर लागणारे नवे खासदार विचारतात आणि तोवर बाकीच्या चॅनलवाल्यांनी कॅमेरे गुंडाळलेले असतात.